खिशातला परवडणारा घडीचा चाकू : मुंबईत रोज वापरणाऱ्यांचे अनुभव आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे अनुभव कुणाचे आहेत?

मी लालबागचा. प्रदर्शनांचे स्टॉल आणि गणपतीची सजावट उभारण्याचं काम करतो. त्यामुळे चौदा वर्षं कामाच्या दिवशी जवळ घडीचा चाकू असतो. याच गोडीपायी ओळख झालेले आम्ही दहा-बारा जण आहोत. दादरच्या फुलबाजारात तोरणं बांधणारी एक ताई, वसईचा एक वायरमन, माहीमच्या सोसायटीत गच्चीवरची बाग सांभाळणारे निवृत्त काका, कुरिअरच्या गोदामात काम करणारी एक मैत्रीण आणि माझे ट्रेकचे सोबती. नव्याने चाकू घेणारे आम्हाला तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली.

परवडणारा म्हणजे आमच्या लेखी दोन हजार रुपयांच्या आतला.

पण शहरात चाकू लागतो कशाला? दुकानात कात्री मिळतेच की.

मिळते, पण हवी तेव्हा ती नेमकी घरी असते. आमच्या मैत्रिणीचा चाकू दिवसभर खोक्यांच्या पट्ट्या आणि टेप कापतो. ताईचा सुतळी आणि केळीचे खुंट. काका कलमाच्या फांद्या छाटतात आणि गाडीवर पेरू घेतला की तिथेच फोडी करून शेजारच्या बाकावरच्यांना देतात. मी दोर, कापड, फोम आणि सगळ्यात जास्त पुठ्ठा कापतो. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि मखरं पुठ्ठ्याची होऊ लागली. बदल चांगला झाला, पण पुठ्ठ्यात बारीक माती-खनिजाची भर असते आणि ती धार खाते. थर्माकोलवर महिनाभर टिकणारी धार पुठ्ठ्यावर दोन दिवसांत बसते.

दिवाळीआधी चाळीत कंदिलासाठी कामट्या तासायला बसतो, तेव्हा चाकू माझ्या हातात थोडा आणि पोरांच्या हातात जास्त असतो.

मुंबईत असा चाकू जवळ बाळगणं कायद्यात बसतं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो विचारलाच पाहिजे. यात दोन वेगळे कायदे येतात आणि लोकांना त्यातला एकच माहीत असतो.

पहिला शस्त्र अधिनियम, १९५९. त्याखालच्या २०१६ च्या शस्त्र नियमांत धारदार शस्त्रांचा एक वर्ग आहे. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं त्यात येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. आपला घडीचा चाकू तीन-साडेतीन इंचांचा, म्हणजे त्या मापाच्या निम्म्याहूनही लहान. ‘नऊ इंचांच्या आत सगळं चालतं’ हे वाक्य इथूनच पसरलं. ते अर्धवट आहे.

कारण दुसरा कायदा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. आधी त्याला मुंबई पोलीस अधिनियम म्हणत. त्यातल्या कलम ३७ नुसार शांतता-सुव्यवस्थेसाठी पोलीस आयुक्त ठरावीक काळापुरता मनाई आदेश काढू शकतात. त्या आदेशात तलवारी, भाले, सुरे, लाठ्या-काठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगायला बंदी असते. तिथे इंचांचा हिशेब नाही. आदेश मोडला तर कलम १३५ खाली शिक्षा होते. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या सुमारास असे आदेश निघतात आणि वर्तमानपत्रांत छापून येतात.

म्हणून आमचा नेम असा. काम असेल त्या दिवशी चाकू कामाच्या पिशवीत, इतर अवजारांबरोबर. मिरवणूक, सभा, मोर्चा, मतदान किंवा क्रिकेटचा सामना असेल त्या दिवशी तो घरी. मनाई आदेश लागू असेल तेव्हाही घरीच. विसर्जनाच्या मिरवणुकीत मी स्वतः काम करतो, पण दोर कापायची कात्री मंडळाच्या पेटीत असते. माझा खिसा रिकामा असतो.

आणि पोलिसांनी थांबवून विचारलं, तर ‘हो, आहे, पिशवीच्या या कप्प्यात आहे, या कामासाठी आहे’ असं सरळ सांगा. स्वतःहून बाहेर काढून दाखवू नका. चाकू हातात असलेला माणूस समोरच्याला कसा दिसतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

लोकल, मेट्रो, मॉल, विमान?

मेट्रोच्या स्थानकात सामान तपासतात, तिथे अडवतात. मॉल, थिएटर, मंत्रालय, मोठी देवळं इथेही तेच. त्या वाटेने जायचं असेल तर चाकू नेऊच नका. दारावरच्या रक्षकाशी वाद घालण्यात काही अर्थ नाही, तो त्याचं काम करत असतो. विमानात हातातल्या सामानात चाकू चालत नाही. काउंटरवर सोपवायच्या मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा. परदेशी जाणार असाल तर तिथला कायदा आधी पाहा, काही देशांत लॉक होणारा, म्हणजे उघडल्यावर पातं पक्कं अडकून राहणारा, चाकू नुसता खिशात असणंही गुन्हा ठरतं.

लोकलबद्दल माझं स्वतःचं मत कडक आहे. गर्दीत तो बाहेर काढायचाच नाही. संत्रं सोलायला नाही, सुटलेला धागा कापायलाही नाही. डबा हलतो, शेजारी खेटून उभा असतो, कुणाचं तरी लहान मूल कमरेच्या उंचीवर असतं.

स्वसंरक्षणासाठी घेऊ का?

नाही. याच कारणासाठी विचारत असाल तर आम्ही तुम्हाला कुठलाही चाकू सुचवणार नाही. झटापटीत चाकू कुणाच्या हातात जाईल याची खात्री नसते, घडीचा चाकू स्वतःच्याच बोटांवर मिटू शकतो, आणि त्यानंतर जे घडतं ते दोन्ही घरांना जन्मभर पुरतं. महिलांसाठी १०३ हा मदत क्रमांक आहे आणि सगळ्यांसाठी ११२. ते फोनमध्ये ठेवा.

पहिला चाकू कोणता घ्यावा? वापरणाऱ्यांचं मत काय?

एकमत नाही आणि ते होईल असं वाटतही नाही. पण आमच्यात तीन गट आहेत. प्रत्येकाचं म्हणणं मांडतो आणि शेवटी माझं सांगतो.

पहिला गट लाल मुठीच्या स्विस चाकूवाल्यांचा. १८८४ साली कार्ल एल्सनर यांनी स्वित्झर्लंडमध्ये कारखाना काढला आणि १८९७ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांसाठीचा चाकू आणला. आजचा लाल चाकू त्याच घराण्यातला. ठरलेलं माप ९१ मिलिमीटर मिटलेलं. काका आणि ताई या गटात आहेत. त्यांच्या मते याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे याला कुणी घाबरत नाही. पाहणाऱ्याला कात्री दिसते, बाटली उघडायचं दिसतं, दातकोरणं दिसतं. पोलाद मवाळ आहे, कडकपणा मोजायच्या एचआरसी मापावर साधारण ५६, त्यामुळे धार लवकर बसते. पण मवाळ म्हणूनच ती पाच मिनिटांत परतही येते. आणि ते सहज गंजत नाही, हे मुंबईत फार मोलाचं आहे. उणीव एकच. पातं पाठीतल्या स्प्रिंगवर थांबतं, लॉक होत नाही. जोर लावून टोचण्याचं काम त्याचं नव्हे.

दुसरा गट फ्रेंच लाकडी चाकूवाल्यांचा. ओपिनेल हे नाव. आल्प्सच्या कुशीतल्या साव्हा प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये तो घडवला आणि १८९७ मध्ये लहान-मोठ्या मापांना १ ते १२ क्रमांक दिले. आमच्याकडे आहे तो ८ क्रमांकाचा, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा. बीच लाकडाची मूठ, पातं जिच्यावर फिरतं ती एक खीळ, एक पातं आणि एक फिरती कडी. पातं घट्ट अडकवणारी ती कडी १९५५ मध्ये आली. याचं पातं पातळ आहे. कापण्यात जाड पात्याचा महागडा चाकूही त्याच्या पुढे जात नाही. टोमॅटो, काकडी, भाकरी, चीज, सगळं अलगद सुटं होतं. डब्याबरोबर नेण्यासाठी याहून चांगला चाकू मी हाताळलेला नाही. कार्बन पोलादाचा आणि स्टेनलेसचा असे दोन प्रकार मिळतात. कोणता घ्यायचा ते पुढे पावसाच्या प्रश्नात येईल.

तिसरा गट खिशाला क्लिप असलेल्या, एका हाताने उघडणाऱ्या चाकूवाल्यांचा. बहुतेक चिनी बनावटीचे, स्टीलच्या किंवा फायबरच्या मुठीचे. वायरमन आणि गोदामातली मैत्रीण यांचं मत इथे पक्कं आहे. एका हातात खोकं असताना दोन हातांनी उघडायचा चाकू निरुपयोगी. लॉक चांगलं असतं, पातं जाड असतं, राबवून घेता येतं. मात्र याच किमतीत सर्वांत चांगले आणि सर्वांत वाईट चाकू शेजारी शेजारी विकले जातात. मी एकदा फोटोवर भाळून ऑनलाइन एक घेतला होता. तिसऱ्या आठवड्यात त्याचं लॉक घसरलं आणि पातं तर्जनीवर मिटलं. चार टाके पडले. तेव्हापासून नवा चाकू आला की तपासल्याशिवाय खिशात जात नाही.

माझं मत विचाराल, तर कचेरीत जाणाऱ्याने लाल घ्यावा, स्वयंपाकाची आणि ट्रेकची आवड असणाऱ्याने लाकडी आणि हातात रोज खोकी-दोर असणाऱ्याने क्लिपवाला. बटण दाबून फटकन उघडणारा कुणीही घेऊ नये. रामपूरचा खटक्याचा चाकू या शहराच्या मनात कोणती चित्रं जागवतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या आवाजाने टपरीवरची चार माणसं मागे सरत असतील, तर ते अवजार उरलं नाही.

नवा चाकू आल्यावर काय तपासायचं?

पातं उघडा, लॉक बसलं का ते कानाने ऐका आणि डोळ्याने पाहा. मग मूठ अशी धरा की पातं मिटलंच तर बोटं त्याच्या वाटेत येणार नाहीत, आणि पात्याची पाठ टेबलाच्या लाकडी कडेवर हळूहळू दाबा. पाठ आपटू नका. आपटून चांगलं लॉकही बिघडतं. दाबल्यावर लॉक सरकलं तर चाकू परत करा, त्यात दुरुस्ती नाही. पातं मिटल्यावर मधोमध बसतं का पाहा. किंचित एका बाजूला असेल तर चालतं, मुठीला घासत असेल तर नाही.

नकली कसा ओळखायचा?

पात्यावरचं पोलादाचं आणि कंपनीचं नाव पुसट किंवा वाकडं, स्क्रूची डोकी झिजलेली, मुठीच्या कडा बोटाला टोचणाऱ्या. ही लक्षणं दिसली की किंमत कितीही गोड असो, नको. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास आणि नागदेवी स्ट्रीटवरच्या अवजारांच्या दुकानांत हातात घेऊन पाहता येतं. माझा कल तिकडेच. धार लावायचे दगडही तिथेच पाहावेत.

कोणतं पोलाद मुंबईला मानवतं?

विक्रीच्या पानावर ‘डी २’ हे नाव मोठ्या अक्षरांत असतं. ते मुळात ठोकळे-साचे बनवायचं पोलाद. कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, क्रोमियम सुमारे १२ टक्के. धार फार टिकते. पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि गंज रोखायला थोडंच मोकळं उरतं. पुण्याच्या कोरड्या हवेत ते छान राहतं. माहीमच्या समुद्रासमोर काकांच्या डी २ वर दोन पावसाळ्यांत तांबूस ठिपके आले, आणि काका निष्काळजी माणूस नव्हेत.

८सीआर१३एमओव्ही हे नाव उच्चारायला अवघड, पण स्वस्तातलं प्रामाणिक पोलाद आहे. क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास, धार मध्यम टिकते, पटकन लागते. ४४०सी त्याहून बरं, क्रोमियम १६ ते १८ टक्के. स्वीडिश १२सी२७ आणि १४सी२८एन ही गंजाविरुद्ध आणखी भरवशाची. या किमतीत १४सी२८एन मिळालं तर डोळे मिटून घ्या. पण एक ध्यानात ठेवा, पोलादाच्या नावापेक्षा त्याला पाणी कसं दिलं आहे, म्हणजे तापवून-थंड करून कडक कसं केलं आहे, यावर सगळं अवलंबून असतं. चांगल्या कारखान्याचं साधं पोलाद फसवणाऱ्याच्या भारी पोलादाहून चांगलं कापतं.

पातं किती लांब हवं?

तीन इंच पुरतात. कलिंगड कापायला घरात सुरी आहे.

पावसाळ्यात चाकू गंजतो, लाकडी असेल तर उघडतच नाही. काय करावं?

हा या शहराचा खरा प्रश्न. जून ते सप्टेंबर हवेत ओल असते, समुद्राकडून मीठ येतं आणि खिशात घाम असतो. ओल, मीठ आणि लोखंड एकत्र आले की गंज ठरलेला. स्टेनलेसही त्यातून पूर्ण सुटत नाही. त्याचा गंज पात्यावर न दिसता आत खिळीपाशी, स्प्रिंगखाली आणि स्क्रूंच्या डोक्यांवर सुरू होतो.

आमच्या आज्या विळीचं काय करत, ते आठवा. कैरी चिरली की पातं लगेच धुऊन पुसायचं, कोरडं करायचं आणि रात्री खोबरेलाचं बोट फिरवायचं. मला तरी याहून चांगली पद्धत सापडलेली नाही. त्यात दोन बदल केले आहेत. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं आणि खिळीपाशी साठून कालांतराने खवट, चिकट होतं. म्हणून खिळीला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, आणि अन्नाला लागणाऱ्या पात्याला औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन, फडक्याने पुसट. जास्त तेल घालू नका, त्यावर धूळ आणि खिशातला कापूस बसतो.

घरी आल्यावर चाकू खिशातून काढा आणि उघडा करून पंख्याखाली ठेवा. आम्ही सगळे हे करतो, आणि आमच्यातला एकही चाकू केवळ पावसाने गेलेला नाही. पावसाळ्यात जो वापरात नसेल तो बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर झाकणाच्या डब्यात ठेवा. चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेली रसायनं पात्याला लागतात.

आता लाकडी मुठीचं. लाकूड पाणी पितं आणि फुगतं, पातं दोन्ही बाजूंनी आवळलं जातं. हा चाकूचा दोष नाही, लाकडाचा स्वभाव आहे. दरवाजे जुलैत अडकतात तसंच. पातं नखाने ओढत बसू नका, नख तुटतं आणि चाकू निसटतो. कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक टेबलावर ठक्कन आपटा, पातं आपोआप थोडं वर येतं. फ्रान्सच्या त्या डोंगराळ भागातले लोकही असंच करतात. कायमचा उपाय उन्हाळ्यात करायचा. एप्रिलमध्ये, लाकूड पूर्ण सुकलेलं असताना, खिळीजवळच्या खाचेत जवसाचं तेल मुरवा. दोन-तीन दिवस सुकू द्या आणि पुन्हा मुरवा. जवसाचं तेल हवेत घट्ट होतं आणि पाण्याची वाट अडवतं. तेल पुसलेली चिंधी मात्र चुरगळून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून मगच कचऱ्यात टाका.

कार्बनचं पातं घ्यायचं की स्टेनलेसचं? मुंबईत पहिला चाकू असेल तर स्टेनलेस. कार्बनची धार मला जास्त आवडते, दगडावर ती लोण्यासारखी लागते. पण ते पातं कांदा, कैरी, लिंबू लागताच काळवंडतं आणि ओलं राहिलं तर रात्रीत गंजतं. काळपट-निळसर थर आणि तांबडा गंज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळा थर पात्याला थोडंफार राखतो, तो घासून काढू नका. मी तर नव्या पात्यावर कैरीची फोड मुद्दाम फिरवून तो आणतो. तांबडा दिसला की लगेच खायच्या सोड्याची पेस्ट आणि खोडरबर घेऊन बसा. आज बसलात तर दहा मिनिटांत काम होतं, महिनाभराने बसलात तर पोलादात खड्डा सापडतो.

पाऊस सरला की खंडेनवमी येते. मी त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं बाहेर काढतो. कात्र्या, पटाशी, विळी आणि तिन्ही चाकू, सगळं धुऊन, सुकवून, तेल लावून मग पाटावर झेंडूच्या फुलांत ठेवतो. वर्षभरातली मोठी निगा त्याच दिवशी होते, वेगळी तारीख लक्षात ठेवावी लागत नाही.

धार घरी कशी लावायची?

दगड एकच घ्यायचा असेल तर दुहेरी, एका बाजूला ४०० आणि दुसऱ्या बाजूला १००० अंकाचा. अंक वाढेल तसा दगड गुळगुळीत. दगड दहा मिनिटं पाण्यात बुडवा आणि खाली ओलं फडकं घाला, म्हणजे सरकणार नाही.

कोन प्रत्येक बाजूने सुमारे २० अंश. तो डोळ्याने कसा ओळखायचा? चौकोनी कागदाचा कोपरा मधोमध दुमडला की ४५ अंश, पुन्हा दुमडला की साडेबावीस. तो तुकडा दगडावर उभा करून पातं त्याच्याहून किंचित खाली झुकवा. पहिले काही दिवस धारेवर मार्कर पेनने काळी रेघ ओढा. दगडावर पातं फिरवल्यावर रेघ कुठे पुसली ते पाहा. वरचीच पुसली असेल तर कोन कमी पडतो आहे, अगदी कडेचीच पुसली असेल तर जास्त.

मग एका बाजूने न थांबता घासत राहा, दुसऱ्या बाजूला बारीक खरखरीत कड लागेपर्यंत. ती बोटाच्या पेराने पाठीकडून धारेकडे जाताना जाणवते, धारेवरून लांबीने बोट फिरवायचं नाही. लोक हमखास चुकतात ते इथे. कड यायच्या आधीच बाजू बदलतात आणि मग ‘दगड खराब आहे’ म्हणतात. पूर्ण लांबीभर कड आली की दुसरी बाजू, मग हलक्या हाताने आलटून पालटून, मग १००० वर तेच. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर, पाठ पुढे ठेवून, दहा-बारा वेळा ओढा. वर्तमानपत्राचा कागद आवाज न करता कापला गेला म्हणजे झालं.

दगड जवळ नसेल तर चहाचा चिनी मातीचा कप पालथा करा. बुडाची झिलई नसलेली गोल कड बारीक दगडासारखं काम देते. ट्रेकला याने अनेकदा निभावलं आहे.

सायकलवर येणाऱ्या धारवाल्याकडे दिला तर?

विळी आणि कात्री द्या, तो त्यातला जाणकार असतो. पातळ घडीचा चाकू देऊ नका. कोरड्या चाकावर धार तापते. धारेवर निळसर डाग दिसला की तिथलं पोलादाचं पाणी उतरलं, मग ती जागा कितीही घासली तरी धार धरत नाही.

फणस आणि टेपचा डिंक पात्यावरून निघत नाही.

फणसाला हात लावण्याआधी पात्याला आणि दोन्ही हातांना गोडंतेल लावा, चीक चिकटतच नाही. टेपचा डिंक निलगिरीच्या तेलाने निघतो, नंतर साबणाने धुवा. पात्याने पात्याचा डिंक खरवडू नका.

पातं डावी-उजवीकडे हलतं, उघडताना खरखरतं.

आधी गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. खरखर बहुतेक वेळा मळाची असते. पूर्ण सुकवून तेलाचा थेंब. तरी हललं तर खिळीचा स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी आवळा आणि पुन्हा पाहा. बहुतेकांना चांदणीच्या आकाराचं टॉर्क्स पान्याचं टोक लागतं. ते नेमक्या मापाचं घ्या, नाहीतर स्क्रूचं डोकं जातं. लाकडी चाकूत आणि लाल चाकूत खीळ ठोकलेली असते, तिथे स्क्रू नाहीत.

मी डावखुरा आहे.

मुठीच्या आत पत्र्याची पट्टी सरकून बसते त्या लॉकचे चाकू उजव्या हातासाठी असतात, तुमचा अंगठा चुकीच्या बाजूला येईल. पाठीवर दाबायचं लॉक, दोन्ही बाजूंनी ओढायचं आडवं लॉक किंवा फिरती कडी घ्या. आमचा वायरमन डावखुरा आहे, आडवं लॉक मिळाल्यापासून तो दुसरं काही पाहत नाही. त्यानेच सांगितलेलं एक वाक्य इथे लिहितो. वायरचं आवरण चाकूने सोलू नका, त्यासाठी स्ट्रिपर आहे. आणि चाकूच्या मुठीवर ‘इन्सुलेटेड’ छापलं म्हणून चालू लाइनला हात लावू नका.

वापरणाऱ्यांची सर्वांत मोठी तक्रार कशाची?

क्लिपची. लोकलच्या दारात, बसच्या दांड्याला, रिक्षाच्या सीटला ती अडकते, वाकते आणि एक दिवस चाकू खिशात नसतो. आमच्यातल्या तिघांचे असे गेले. शिवाय बाहेर दिसणारी क्लिप पाहून लोक टक लावतात. मी क्लिप काढून टाकली आणि चाकू चष्म्याच्या मऊ पिशवीत ठेवतो. किल्ल्यांनी ओरखडे पडत नाहीत आणि पिशवीतून काढून उघडेपर्यंत दोन क्षण जातात. शहरात ते दोन क्षण बरे.

घरात लहान मुलं आहेत.

कुलपात ठेवा, उंच फळीवर नाही. मुलं स्टूल आणतात. आणि दहा-बारा वर्षांचं मूल झालं की लपवण्याऐवजी शिकवा. बसून कापायचं, पातं स्वतःपासून दूर जाईल असं कापायचं, दुसऱ्याला देताना मिटवून द्यायचं. माझ्या पुतणीने पहिली कामटी तासली तेव्हा मी पूर्ण वेळ शेजारी मांडी घालून बसलो होतो, फोन आतल्या खोलीत ठेवून.

बोट कापलं तर?

स्वच्छ कापडाने घट्ट दाबा, हात हृदयाच्या वर धरा आणि दहा मिनिटं उघडून पाहू नका. हळद-कॉफी भरू नका, डॉक्टरला आधी ती उपसावी लागते. रक्त थांबेना, जखम उघडी राहते, बोट वाकत नाही किंवा टोक बधिर वाटतं, तर लगेच दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही डॉक्टरांना सांगा.

जुना, लॉक गेलेला चाकू कसा टाकायचा?

कचऱ्याच्या पिशवीत तसाच कधीही नाही. आपला ओला-सुका कचरा कुणीतरी हाताने वेगळा करतं आणि त्या माणसाच्या हातात बरेचदा मोजेही नसतात. पातं मिटवा, धारेवर जाड पुठ्ठा दुमडून बसवा, वरून चिकटपट्टीचे चार वेढे द्या आणि त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत ‘चाकू’ लिहा. मग तो भंगारवाल्याच्या हातात द्या आणि आत काय आहे ते तोंडाने सांगा. लॉक घसरून माझं बोट कापणारा तो चाकू मी असाच दिला. त्याने तो हातगाडीवर लोखंडाच्या ढिगात टाकला नाही, पुढच्या डब्यात वेगळा ठेवला.